धुऊन आणलेली बस

तेरा नोव्हेंबर. सकाळचं काम एवढंच होतं: स्कॅनरची वायर बसच्या डॅशबोर्डखाली जोडायची आणि चढणाऱ्या बायकांच्या पायात येणार नाही अशी सीटच्या कडेने बांधून घ्यायची. मी ती जुन्या साडीच्या काठाने बांधली. दोरीपेक्षा काठ बरा, घसरत नाही.

वडनेर भोलजीला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. इंजिन, पंप, गिअर नवऱ्याकडे. वायरिंग, सेन्सर आणि इंजिनाचा कम्प्युटर वाचणारा स्कॅनर माझ्याकडे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. लग्नानंतर ते विसरून जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तेवढ्यात आमच्या भागात कम्प्युटरवाली डिझेल इंजिनं यायला लागली आणि माझी गरज पडली.

ही बस चाचांची. चाचा पिंपळगाव राजाचे, साठीचे, सगळा रस्ता त्यांना चाचाच म्हणायचा. एका कारखान्यात कामगारांची ने-आण करून थकलेली मिनीबस त्यांनी घेतली होती. उन्हाळ्यात लग्नाची वऱ्हाडं आणि दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बायका. सकाळी वडनेरहून त्यांना भरायचं, पिंपळगावकडच्या शेतांवर उतरवायचं, संध्याकाळी आणायचं. जीपवाल्यासारखं कोंबून नाही, प्रत्येकीला बसायला जागा.

त्या हंगामात बसला एक विचित्र दुखणं जडलं. सकाळी पिवळा दिवा लागायचा आणि एक्सिलेटर कितीही दाबा, गाडी बैलगाडीच्या चालीवर यायची. इंजिनाचा कम्प्युटर घाबरला की ताकद कापतो, तसं. दुपारनंतर तीच बस सरळ. सकाळी उशीर झाला की शेतमालक दुसऱ्या टोळीला तासं, म्हणजे वेचायच्या ओळी, देऊन मोकळा व्हायचा. वेचणी किलोवर. उशिरा पोचलेल्या बाईच्या वाट्याला काय येणार?

आणि वर्ष बोंडअळीचं. बीटी बियाण्याला अळी लागत नाही असं ऐकत ज्यांनी पेरलं, त्यांच्या शेतात गुलाबी अळी बोंडाच्या आत बसली होती. वरून झाड हिरवं, बोंड फोडलं की आत किडका कापूस, कवडी. वेचायला कापूसच कमी, त्यात बसने घोटाळा केला तर बायकांचा दिवस बुडालाच.

चाचांनी बस अकोल्याला दाखवली होती. तिथल्या लोकांनी कम्प्युटरमधले जुने कोड वाचून एक्सिलेटरचा सेन्सर बदलला, मग डिझेलच्या दाबाचा. दोन्ही वेळा बस तिथे नीट चालली आणि वडनेरला येऊन पुन्हा रुसली. मग माझ्याकडे आणली. मीही उभ्या गाडीवर तपासली. काही नाही. बस चकाचक धुतलेली, आतून झाडलेली, सीटच्या फटीत कापसाचा एक तंतू नाही.

"चाचा, बिमारी दाखवाले आणली का पोरगी दाखवाले?" नवरा म्हणाला.

"मेहमान म्हणून आली ना तुमच्या दारात. घाण कशी आणू?"

हसून सोडून दिलं आम्ही.

तेरा तारखेच्या आधी चाचा स्वतःच म्हणाले, "बाई, सापडलं तं पाहा. नाही तं आता इकतो. जळगाव जामोदचा एक जण पाहून गेला." बायकांच्या कानावर ते गेलंच होतं. म्हणून मी ठरवलं, उभ्या गाडीवर नाही, भरल्या गाडीत बसून पाहायचं.

मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर स्कॅनर मांडीवर घेऊन बसले. बायका चढल्या. डबे, विळे, कापूस वेचून भरायच्या ओट्या.

"काय वं ताई, टीव्ही आणला का आमच्यासाठी?" एकीने विचारलं.

"टीव्ही नाही, बसची नाडी पाहून राह्यली मी."

"मंग चाचाची बी पाहा. ते बी सकाळी चालत नाही."

"तुही जीभ तेवढी रोज चालते," चाचा आरशात पाहून म्हणाले.

सगळ्या हसल्या. मी आकडे पाहत होते. एक्सिलेटरला दोन सेन्सर असतात आणि दोघांनी एकच गोष्ट सांगायची असते. एकाने एक, दुसऱ्याने दुसरं सांगितलं की कम्प्युटर दोघांवरचा विश्वास काढतो. पहिला मैलभर दोघांचं एकमत होतं.

पुढच्या गावात बस थांबली. दोन शेतकरी मागच्या दाराने आले, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या ठेवल्या आणि उतरले. रोजचंच असावं. त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी बॅटऱ्या. मी वळून पाहिलं. शेवटच्या सीटखालून एक पट्टी निघाली होती, चिमटे लावलेली, आणि एक बाई सरावाच्या हाताने चिमटे बॅटऱ्यांना लावत होती.

मांडीवरचा आकडा हलला. दुसरा सेन्सर खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. डिझेलच्या दाबाचा आकडाही डोलायला लागला. पिवळा दिवा लागला आणि बसचा दम गेला.

"चाचा, बाजूला घ्या."

मी मागे गेले आणि सगळे चिमटे काढले. पुढे येऊन कोड पुसले. "आता चालवा." बस निघाली, चढावर दणदणीत चढली. पुन्हा थांबवून चिमटे लावायला सांगितले. पुन्हा दिवा.

उतरून बॉनेटच्या बाजूला पाहिलं. त्या पट्टीची अर्थिंग चाचांनी, किंवा त्यांच्या कुठल्या ओळखीच्याने, नेमकी त्याच बोल्टला दिली होती जिथे कम्प्युटरची अर्थिंग येते. बोल्ट गंजलेला. एवढ्या रिकाम्या बॅटऱ्या एकदम ओढायला लागल्या की त्या बोल्टवर गर्दी व्हायची आणि कम्प्युटरला आपला शून्य कुठे आहे तेच कळेनासं व्हायचं. दुपारपर्यंत बॅटऱ्या भरत आल्या की ओढ कमी, बस बरी.

"चाचा, हे पहिलेच काऊन नाही सांगितलं?"

"ते बसचं थोडी आहे, बाई. गावात लाइन राहत नाही, लोक म्हणे चाचा, जाता जाता भरून आणा. भरून आणतो. पैसे नाही घेत त्याचे."

"मग अकोल्याला दाखवलं का हे?"

"अकोल्याले? तिथं हे लोंबतं ठेवून नेऊ? सोडून ठेवलं, गाडी धुतली, मंग नेली."

माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की ती आधी आंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायची, आणि डॉक्टरसमोर खोकला दाबून बसायची. चांगल्या माणसासमोर चांगलंच जायचं, ही आमच्याकडची रीत. चाचांनी बसचा खोकला घरी ठेवला आणि बसला डॉक्टरकडे नेली. अकोल्याच्या लोकांना दोष देता येत नाही. समोर जे होतं ते त्यांनी तपासलं.

मी म्हणाले, "आता इकू नका. संध्याकाळी बोल्ट वेगळा करून देते, बस पहिल्यासारखी होते."

चाचा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "काल सांजेला हाव म्हटलं त्या जामोदवाल्याले."

"मग नाही म्हणा. कारण सांगा."

"खराब होती तवा हाव म्हटलं आणि सुधरली तं नाही म्हणू? इसाराचे पैसे वापस देता येते, बाई. जबान कशी देऊ वापस?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "चला आता, तासं जातील." बस निघाली.

संध्याकाळी मी काम केलंच. बोल्ट घासला, कम्प्युटरची अर्थिंग वेगळी काढली, ती पट्टी मुळापासून कापली. विकायची असली तरी गाडी नीट असलेली बरी. चाचा शेजारी स्टुलावर बसून पाहत होते. म्हणाले, "ह्या बॅटऱ्यायनं काही झालं असतं तं बरं वाटलं असतं. अळी तं बोंडात. फवारा वरून."

पट्टी एवढे दिवस ज्या फवारणीसाठी लोंबत होती, तिने एकाही शेताचं बोंड वाचवलं नाही. आणि तीच पट्टी बस घेऊन गेली. आजही राग कुणावर धरावा हे मला ठरवता येत नाही. पंधरा दिवस आधी मी त्या सीटवर बसले असते तर, असं मनात येतं. पण तेव्हा कुणालाच तसं सुचलं नाही, मलाही नाही, आणि बस तर धुतलेलीच यायची.

निघताना चाचा म्हणाले, "उद्या सकाळीच तो गाडी नेऊन राह्यला. बायकायले तुम्हीच सांगा. मले नाही जमणार."

शेतकऱ्यांच्या दोन बॅटऱ्या बसमध्येच राहिल्या होत्या. त्या मी गॅरेजमध्ये चार्जिंगला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटऱ्या स्कुटीच्या पायाशी ठेवून थांब्यावर गेले. बायका उभ्याच होत्या. सांगितलं. कुणी चाचांना नावं ठेवली नाहीत. एकीने फक्त विचारलं, "सुधरली म्हणत होत्या ना ताई तुम्ही?" मी म्हणाले, "सुधरली."

जीप आली. जेवढ्या मावल्या तेवढ्या कोंबून बसल्या, बाकीच्या डबे घेऊन घरी वळल्या. कालची म्हातारी जीपच्या फळीवर चढू शकेना. तिला स्कुटीवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर एक बॅटरी दिली, दुसरी माझ्या पायाशी, आणि पिंपळगावचा रस्ता धरला. त्या दिवशी गॅरेजला मी उशिरा पोचले.