वारा अंगावर घेणारा हेमंत

सदर बाजारात सोनाराच्या दुकानात बसले होते. गळ्यातल्या पोतीची कडी तुटली होती, ती जोडून घ्यायची होती. दुकान नुकतंच उघडलं होतं. तेवढ्यात शुभांगीचा, माझ्या धाकट्या जावेचा, फोन आला. बाहेर गाड्यांचे हॉर्न, आत हातोडीची टकटक, तिचं बोलणं नीट ऐकू येईना. “ताई, हे उठून नाही राहिले,” एवढंच कळलं. हेमंत रोजच्यासारखा पहाटे सायकल घेऊन गेला असेल, येऊन आडवा झाला असेल असं वाटून मी म्हटलं, “अगं, झोपू दे ना मग. दमला असेल.” ती म्हणाली, “ताई, मी दवाखान्यातून बोलून राहिली.”

हेमंत माझा धाकटा दीर. आधी देशात, मग बरीच वर्षं एका परदेशी व्यावसायिक संघाकडून सायकल शर्यती खेळला आणि निवृत्त होऊन रायपूरला परतला. त्या सकाळी तो शिकाऊ खेळाडूंना घेऊन नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर गेला होता. सराव संपला, सगळे एका झाडाखाली थांबले. पाणी प्यायला, कुणाची तरी थट्टा केली, झाडाला टेकून बसला आणि तसाच राहिला. हृदयात जन्मापासून एक दोष होता, तो कधी कुणाच्या लक्षातच आला नाही, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, “इतना फिट आदमी!” ते खरंच होतं. पण त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

मी वर्ध्याहून लग्न होऊन रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा हा शाळेत होता. सासरे, म्हणजे बाबा, मालगाडीचे ड्रायव्हर. त्यांच्या उंच सायकलीच्या सीटवरून हेमंतचे पाय पोहोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून, कैची मारत, तो दळणाचा डबा आणायचा. नव्या नवरीशी घरातले सगळे जपून बोलत होते. हा एकटाच म्हणाला, “वहिनी, बसा मागं. रायपूर दाखवून आणतो.” आणि मी बसले! ब्राह्मणपाऱ्याच्या गल्ल्यांमधून त्यानं सायकल अशी काढली, की भीतीनं मी त्याचा शर्ट मुठीत धरला. “शर्ट फाटन वहिनी, मले पकडा,” तो ओरडला. सासरी आल्यावर मी पहिल्यांदा मोकळं हसले ती त्या कॅरिअरवर.

पुढे तो शर्यतीत उतरला, राज्याकडून खेळला, देशाकडून खेळला. खेळाडू म्हणून रेल्वेत कायमची नोकरी मिळत होती. ती सोडून तो परदेशी संघात गेला तेव्हा बाबा फार नाराज झाले. त्यांची खरी अडचण वेगळी होती. मुलगा तिथे नेमकं करतो काय, हे त्यांना कळत नव्हतं. एकदा सुट्टीवर आला असताना जेवणाच्या टेबलावर दोघांची जुंपली.

“पहिला आला का?” बाबांनी विचारलं.

“नाही बाबा. आमचा कॅप्टन आला.”

“मंग तू कितवा?”

“लय मागं. माझं काम चढावरच संपलं होतं.”

“मंग ते लोकं तुले बोलावते काहून?”

हेमंत हसला नाही. त्यानं टेबलावरचे चमचे एकामागे एक मांडले. सर्वांत मागचा चमचा कॅप्टन. त्याला जिंकायचं असतं. पुढचे सगळे वारा आपल्या अंगावर घेतात, म्हणजे मागच्याची ताकद वाचते. दमला की पुढचा बाजूला होतो. “मी हा पुढचा चमचा, बाबा. हवा मी खातो, जिंकतो तो.” बाबांनी पुढचा चमचा उचलून पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे बँकर.” जड मालगाडीला घाट चढताना मागून आणखी एक इंजिन लावतात, त्याला रेल्वेत बँकर म्हणतात. ते गाडी ढकलत वर नेतं आणि तिथून सुटून एकटं परत येतं. बाबांनी उमेदीची कितीतरी वर्षं तेच इंजिन चालवलं होतं. “गाडी पुढं निघून जाते, आपण वापस,” बाबा म्हणाले. “हव बाबा, तेच!” हेमंत म्हणाला, आणि बापलेक पुन्हा जेवायला लागले. त्या दिवसानंतर बाबांनी त्याला कितवा आलास असं कधीही विचारलं नाही. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “चढ कसा होता?”

एकदाच असं झालं, की कॅप्टन आजारी पडला आणि संघानं हेमंतला सांगितलं, आज तू स्वतःसाठी खेळ. आम्ही सगळे लॅपटॉपभोवती गोळा झालो. शेवटच्या चढावर तो एकटा पुढे होता. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू बसून राहिले तर त्याचा वेग कमी होईल. अगदी शेवटी दोघांनी त्याला गाठलं आणि तो तिसरा आला. आमच्या घरात मात्र पहिला आल्यासारखा गोंधळ झाला. संध्याकाळी फोनवर मी विचारलं, कसं वाटलं रे? म्हणाला, “मजा आली वहिनी. पण समोर कोणी नव्हतं न, रस्ता खूप मोठा वाटला. बोलायलेही कोणी नव्हतं.” कित्येकांना आयुष्यभर हवी असते ती जागा त्याला एक दिवस मिळाली, आणि त्याला तिथे करमलं नाही. हा त्याचा कमीपणा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. आपण कशासाठी बनलो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात तो सुखी होता.

बाबा गेले, मग हेमंत निवृत्त होऊन परतला. तोवर आम्ही चौबे कॉलोनीत राहायला आलो होतो. परतल्यावर त्याचा पहिला शिष्य कोण, तर मी! पन्नाशीला टेकलेली बाई, माहेरी मुलींना कधी सायकल दिली नाही, आणि हा म्हणतो, बसा. “लोक हसतील रे,” मी म्हटलं. “हसू द्या न. हसणाऱ्यायलेही शिकवू,” तो म्हणाला. माझा मुलगा घरात मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो. तो सोफ्यावरून म्हणाला, “मम्मी, गिरोगी तो फोन करना।”

कॉलोनीच्या मैदानात हेमंत माझ्या मागे धावायचा. “वहिनी, खांबाकडं नका पाहू. जिकडं पाहाल तिकडं सायकल जाते.” मी खांबाकडेच पाहिलं आणि खांबालाच धडकले. समोरच्या गॅलरीतून साहू दीदी पोट धरून हसल्या, “अरे भाभी, खंभे ने क्या बिगाड़ा है?” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच साहू दीदी पंजाबी ड्रेसच्या ओढणीला पिन लावून मैदानात हजर. बघता बघता आम्ही दहा-बारा जणी झालो. दर रविवारी तेलीबांधा तलावापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. मोठमोठ्या शर्यती केलेला हा माणूस आमच्या त्या डुगडुगत्या रांगेच्या सगळ्यात मागे, सगळ्यात हळू जाणारीच्या बरोबरीनं, गप्पा मारत यायचा. घाई कधी नाहीच.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धविहारात जागा पुरली नाही, लोक बाहेर रस्त्यावर उभे राहिले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “त्या सायकली काढा घरातून. माह्या पोराले त्यायनंच नेलं.” बाजूच्या खोलीत त्याच्या सायकली भिंतीला टांगलेल्या होत्या. येता-जाता त्यांच्यावर नजर पडायची. डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा समजावलं, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं. माझे यजमान, रवींद्र, आईचा शब्द मोडणारे नाहीत. कुणाला तरी बोलावून सायकली द्यायचं ठरत होतं. शुभांगी कोपऱ्यात बसून होती. ती उठली, त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. “आई, मले त्यायचं दुसरं काहीच नको. ह्या जाणार नाहीत.”

सासूबाई रडायला लागल्या. मुलगा गेल्यापासून त्या अशा रडल्याच नव्हत्या. शुभांगीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि सायकलींचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी फाटकाशी आवाज आला. आमच्या सगळ्या जणी सायकली धरून उभ्या होत्या, आत यावं की नाही कुणालाच कळत नव्हतं. “हम लोग बस ऐसे ही... निकल रहे थे,” साहू दीदी चाचरत म्हणाल्या. शुभांगीनं फाटक उघडलं. खोलीतून हवा भरायचा पंप आणला आणि एकेकीचं चाक दाबून पाहायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, मले शिकवा.”

ऐकून आश्चर्य वाटेल, पण एवढ्या वर्षांच्या संसारात शुभांगी कधी सायकलवर बसली नव्हती. एका घरात एक वेडा पुरे, असं ती म्हणायची. भाजीबाजारासाठी हेमंत एक साधी सायकल वापरायचा, ती आम्ही बाहेर काढली. तो उंच, ही माझ्या खांद्याला लागणारी. सीट खाली घ्यायला मी खटका उघडला, तेव्हा दिसलं, सीटखालच्या दांड्यावर काळ्या टेपची एक बारीक पट्टी होती. आपल्या उंचीची खूण. शर्यतीच्या सायकलींना असते तशी त्यानं या बाजाराच्या सायकलीलाही लावून ठेवली होती. सीट खाली दाबली की पट्टी नळीत जाणार होती. मी थांबले. शुभांगीनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच सीट दाबली.

ती लवकर शिकली, माझ्यापेक्षा कितीतरी लवकर. आता ती कॉलोनीच्या टोकापर्यंत जाऊन येते, पुढच्या महिन्यात तेलीबांध्याला येईन म्हणते. सासूबाई फाटकात खुर्ची टाकून बसतात, ती वळून येईपर्यंत आत जात नाहीत. संध्याकाळी शुभांगी सायकल खोलीत नेते, फडक्यानं पुसते. मग खटका उघडून सीट वर ओढते, काळी पट्टी दिसेपर्यंत. खटका आवळते, दिवा मालवते आणि स्वयंपाकाला येते.