आरशातली चांदणी

माझी भाची मुक्ता अकरावीत आहे. तिने मानसशास्त्र घेतलं तेव्हापासून तिचे वडील, वसंतराव, एकच विचारतात, "हे शिकून पुढे काय?"

काल प्रात्यक्षिकाच्या सरावासाठी तिने त्यांनाच टेबलाशी बसवलं. कागदावरची चांदणी फक्त आरशात बघून गिरवायची होती. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला त्यांचा हात भलतीकडेच जायला लागला. मला हसू आवरेना.

मुक्ता हसली नाही. तिने प्रयोगानंतरचा ठरलेला प्रश्न विचारला, "बाबा, करताना मनात काय काय आलं?" आणि ती गप्प बसली. मध्ये बोलायचं नाही, असं या मुलांना कॉलेजात शिकवतात.

वसंतराव आरशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फ्लेक्स आले, कामं थांबली, तेव्हा हा हात असाच परका वाटायचा. कुणाला बोललो नाही."

रोज त्यांच्यासोबत चहा पिणारा मी थक्क झालो. माणसाच्या आत केवढं काय मुकाट बसलेलं असतं, आणि एवढीशी पोर एक प्रश्न विचारून नुसती थांबते, तर ते आपल्या पायांनी बाहेर येतं!

मुक्ता आरसा उचलायला लागली.

"राहू दे," वसंतराव म्हणाले. "अजून काही विचारायचं असेल ना तुला?"