जूनमधली मुलाखत

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या माझ्या रोजच्या सकाळच्या एसटीत एक सर पारोळ्याला चढतात. डबा मांडीवर घेऊन बसतात आणि खिडकीच्या काचेवर बोटानं सर्किटं काढतात. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ते तासिका तत्त्वावर शिकवतात. म्हणजे घेतलेल्या तासांपुरताच पगार, सुट्टीत काही नाही. त्याच कामासाठी दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यावी लागते.

यंदा मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, कशी झाली?"

"समोर माझाच विद्यार्थी होता. आता तिथं कायम प्राध्यापक आहे. मला पाहून उठून उभा राहिला. मी म्हटलं, बस बाबा, मुलाखत माझी आहे."

"त्यानं काय विचारलं?"

"त्याला काही विचारवेना. दुसऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरवर विचारलं. मी फळ्यावर समजावून वळलो, तर हा उतरवून घेत होता."

"मग नेमणूक?"

"मिळाली. परीक्षेपर्यंत."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता, आणि पहिला तास बुडाला तर त्याचे पैसेही बुडणार होते. जळगाव स्टँडवर गाडी वळायच्या आतच ते दाराशी जाऊन उभे राहिले.