पुजलेली फळी

अण्णांशी कोणी बोलायला लागलं की ते आधी हळूहळू मान फिरवायचे. दोन्ही कानांना वारा सारखाच लागला की तो कुठून येतोय ते त्यांना कळायचं. मग म्हणायचे, "हां, बोल." भाट्याच्या किनाऱ्यावर सगळे त्यांची टिंगल करायचे. मी नाही केली. सातवीत शाळा सोडून मासळीवर बर्फ घालायच्या कामाला लागलेला मी. कोणीतरी माझं पुरतं ऐकून घेतंय, हेच मला पुष्कळ होतं.

अण्णा आखातात पतंगाच्या खेळाच्या दुकानात कामाला होते. कमरेला भलामोठा पतंग बांधायचा, पाय फळीत अडकवायचे आणि वारा ओढेल तसं लाटांवरून पळायचं, असा तो खेळ. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली फळी द्यायची ते अण्णा ठरवत. "लोकांना रुंद फळी आवडते, उभं र्‍हायला बरं वाटतं. पण वारा पिसाळला, पाणी उसळायला लागलं, की रुंद फळी नुसती थपडा खाते. तेव्हा लहान घ्यायची. अरुंद, टोकं वर वळलेली. ती पाणी कापते."

"आणि पडलो तर?" मी विचारायचो.

"तुला पडायच्या आधीच लागतं, बाबा!"

दोन हजार चार साली ते एक पतंग आणि दुकानाने टाकून दिलेल्या दोन फळ्या घेऊन घरी आले. परत जायचं नाही, असं ठरवूनच. त्यांची आई, आये, थकली होती, एकटी होती. पुण्याकडचे एक हॉटेलवाले म्हणाले होते, खेळ इथे जमतोसा वाटला तर अण्णांनाच ठेवून घेऊ. मे महिन्यात ते बघायला येणार होते.

आदल्या संध्याकाळी आयेने, नव्या होडीची करतात तशी, फळीची पूजा केली. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पण रुंद फळीला.

"आये, लहानीला लाव गो."

"ही होडीसारखी दिसते. ती काय, पाट हाय जेवायचा!"

अण्णा हसले.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने वाळू डोळ्यांत जात होती, पाणी पांढरं झालं होतं. अण्णांनी लहान फळी उचलली. मागून आये आली. "ती पुजलेली नाय."

"आज हीच लागेल, आये."

"तुझा बापूस पण असाच गेला. नवी होडी. म्हणाला, पूजा मागनं करू."

अण्णांनी लहान फळी खाली ठेवली. मी हळूच म्हटलं, "अण्णा, मोठी थपडा खाईल."

"म्हायती हाय मला," म्हणाले, आणि रुंद फळी घेऊन पाण्यात उतरले.

फळी आपटत, उडत गेली. अण्णा पडले, उठले, पुन्हा पडले. शेवटी लंगडत, पतंग ओढत बाहेर आले. हॉटेलवाले म्हणाले, "तुम्हालाच जमत नाही, तर पाहुण्यांना काय शिकवणार?" लहान फळीचं सांगायला मी तोंड उघडलं, तर अण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं. आये जवळच होती. गाडी निघून गेली. आये पदराने त्यांच्या तोंडावरचं खारं पाणी पुसत होती. "आलास ना बाहेर? देवाने राखला."

"होय गो आये."

पाऊस संपल्यावर ते परत आखातात गेले. पुढच्या वर्षी त्यांनी माझाही व्हिसा काढून दिला. एकाच खोलीत राहायचो आम्ही. नव्या जागेत, नव्या भाषेत मी सारखा घाबरलेला. त्यांनी मला कधी हसून घालवलं नाही. दर शुक्रवारी ते आयेला फोन करायचे, जेवलीस काय, पाय दुखतो काय. ती विचारायची, गाव सोडून परत का गेलास? ते म्हणायचे, इथं काम बरं हाय.

आये गेली तेव्हा त्यांना वेळेत पोचता आलं नाही. महिन्याभराने त्यांनी काम सोडलं. मी विमानतळावर त्यांची बॅग धरून उभा होतो. म्हटलं, "आता तरी कायमचे घरी चाललात, अण्णा."

"चाललोय," ते म्हणाले. "पण र्‍हायचं कोणासाठी, ता घरी पोचल्यावर बघूया."