राजे तोंड उघडत नाहीत

बाजाराच्या कोपऱ्यावर चाव्या बनवणारी ती बाई कामापुरतंही जेमतेम बोलायची. गिऱ्हाइकाने चावी पुढे केली की यंत्र सुरू, कानशीचा एक हात, चावी परत, संपलं. घरातलं बोलायचं खातं काकूंकडे होतं.

काकू खालच्या मजल्यावरच्या. चावीवाली दुकानात असताना तिच्या धाकट्या भावाला दुपारचं जेवण त्या भरवायच्या. भाऊ पस्तिशीचा. हात आत वळलेले, कंबर खुर्चीला पट्ट्याने बांधलेली, तोंडात शब्द नाही. पण थाट असा की घरात त्याला सगळे 'राजे' म्हणत. सकाळी राजे थोडं दूध घेत, रात्री पेंगत चार चमचे. पोट भरायचं ते दुपारीच. आणि तेही सरळ नाही. चमचा दिसला की दात मिटलेच.

मग काकू त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. खिडकीकडे तोंड करून भांडण काढायच्या.

"काय रे कबुतरा, भाडं देतोस का बसायचं? फुकट्या! आणि हे आमचे राजे बघा. खुर्चीला यांचा कंटाळा आला, यांना खुर्चीचा येत नाही!"

राजे खदखदून हसायचे. हसू ओसरलं तरी तोंड उघडंच राहायचं, तेवढ्यात काकूंचा चमचा आत.

"गिळ मेल्या. आधी गिळ, मग पुढची शिवी."

अपंगांसाठीच्या मदतीची रक्कम आजवर चावीवालीच्या खात्यात यायची, त्यातून ती काकूंना पगार द्यायची. आता नियम फिरला. रक्कम थेट नोंदणी झालेल्या संस्थेला जाणार, माणूस संस्थाच पाठवणार. काकूंकडे प्रमाणपत्र नव्हतं, आणि ते काढायचं वय कधीच उलटून गेलं होतं.

"पैसे बंद नाही झाले, ताई," कार्यालयातले साहेब म्हणाले. "फक्त वाट बदलली."

"वाट बदला साहेब, पण तोंड तेच आहे. ते काकूंशिवाय उघडत नाही."

"तोंडासाठी आमच्याकडे रकाना नाही हो!" साहेब हसले. ती हसली नाही तसे जरा ओशाळले. "लोक पैसे घ्यायचे आणि माणूस ठेवायचेच नाहीत. तुम्ही तशा नाही, दिसतंय मला. पण नियमाला कसं दिसणार? होईल सवय त्यांना."

संस्थेने हातमोजेवाली पाठवली. पोरगी गुणी. चमचा किती तिरका धरायचा तेसुद्धा शिकलेली. पण भरवताना बोलायचं नाही, घशात अडकतं, असा संस्थेचा दंडक. "आ करा, सर," एवढंच ती हळू आवाजात म्हणे. सरांचे दात आणखी घट्ट. मग दुसरी आली, मग एक बाप्या, मग पुन्हा हातमोजेवाली. राजेंच्या गालांची हाडं वर आली. डॉक्टरांनी वजन केलं आणि काट्याकडे बघतच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एवढंच भरलं, तर पोटातून नळी घालायची. तोंडाने खाणं बंद."

खाण्याशिवाय राजेंना आयुष्यात दुसरी मजा कुठली होती?

चावीवालीने काकूंना जिन्यात गाठलं. काकू आता एका खानावळीत भांडी घासायच्या.

"काकू, फक्त दुपारी—"

"दुपारीच तर ताटांचा डोंगर असतो गं. उठून आले, तर उद्या दुसरीला उभी करतील."

"मी देईन काहीतरी."

"कुठून? दुकानाचं भाडं थकलंय, मला का ठाऊक नाही?" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "तूच भांड त्याच्याशी."

"मला नाही जमत."

"भांडायला काय शाळेत जावं लागतं?"

दुसऱ्या दिवशी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला तिने दुकान बंद केलं आणि घरी येऊन बटाट्याचा लगदा हातात घेतला.

"ताई, तुम्ही भरवताय हे मला संस्थेत कळवावं लागेल," हातमोजेवाली म्हणाली.

"कळव."

ती खिडकीकडे वळली. "काय रे कबुतरा..." खिडकीत कबूतर नव्हतं. आवाज लाकडासारखा. राजेंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी चुकून भलत्याच नाटकात शिरलंय. तिने चमचा ओठांना लावला. दात. पुन्हा लावला. दात. लगदा हनुवटीवरून गळ्यात ओघळला.

"मर मग!" वाडगा टेबलावर आदळला. "मर उपाशी! आई सुटली, काकू सुटल्या, मी कुठे जाऊ? सांग ना, कुठे जाऊ मी? दगडाला भरवलं असतं तर त्यानेही तोंड उघडलं असतं!"

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

राजे हसले. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी नीट भांडत होतं.

"ताई, चमचा," हातमोजेवाली कुजबुजली.

चमचा आत गेला. राजेंनी गिळलं, तोंड मिटलं आणि चमकत्या डोळ्यांनी बहिणीकडे बघत राहिले. पुढचं?

खिशात फोन वाजत होता. घराबाहेर अडकलेलं एखादं गिऱ्हाईक असणार. वाजून वाजून तो थांबला.

"तुझ्यापायी आज दुकान बंद," ती म्हणाली. तिने आवाज चढवला. "उद्याही बंद. परवा मालक त्याला टाळं ठोकेल, आणि त्या टाळ्याची चावीसुद्धा माझ्याच हातची असेल!"

राजे खुर्चीसकट हलू लागले. चमचा भरून धरून ती त्याचं हसू ओसरायची वाट बघत उभी राहिली.