यानाचा व्हेंट पाईप

कंपाउंडर इंगोले वारले तेव्हा मी त्यांच्या समोरच बसलो होतो. ते भाजलेल्या शेंगा खात होते. त्यांच्यासोबत शांताबाई सिस्टर आणि पोस्टमन रौफभाई हेही त्याच क्षणी गेले. गोटमारे सरांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "हवा संपली. तिघंबी खलास." मग चौघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण यानाचा नकाशा मी काढला होता.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, वाशीमच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेतली. गोटमारे सर तिथे विज्ञान शिकवायचे आणि रविवारी दुपारी एक खेळ चालवायचे. तो त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. त्याला ना पट होता, ना पत्ते. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. सर सांगणार काय घडलं, आपण सांगायचं आपण काय करतो, आणि जमलं की फसलं ते फोडलेले चिंचोके टाकून ठरवायचं. इंगोले यानाचे कॅप्टन, सिस्टर चालक, रौफभाई मांत्रिक. यान वाशीमहून एका ताऱ्याकडे निघालेलं, चाळीस वर्षांचा प्रवास. इंजिनात पितळी बंबात कोंडलेला एक खवीस. सरांचा दंडक असा की बाकी सगळीकडे विज्ञानाचे नियम पाळायचे, खविसाला तेवढी सूट.

पाच महिने प्रवास झाल्यावर कोणी कुठे झोपायचं यावरून भांडण जुंपलं. सर माझ्याकडे आले. "वानखडे, तुमी नकाशे काढता ना? मंग एक यान काढून द्या. लोकाईले चाळीस वर्षं राहाचं हाय त्याच्यात."

मी एका सरकारी कार्यालयात ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे इंजिनिअर जे ठरवतो ते कागदावर नीट काढणारा माणूस. आमचं मुख्य काम टाइप प्लॅनचं. टाइप प्लॅन म्हणजे एकदा ठरलेला नकाशा. गाव कोणतंही असो, क्वार्टर तेच. मी तो इतक्या वेळा ट्रेस केला होता की डोळे मिटून काढला असता. आणि मी टेंपररी होतो. दर शनिवारी गावी, अनसिंगला गेलो की माय दारातच विचारायची, "झाला काय रे बाबू परमनंट?" आमच्या घरात सरकारी नोकरीला लागलेला पहिला माणूस मीच. तिचं सगळं लक्ष त्या एका कागदाकडे लागलेलं होतं.

यान मी मन लावून काढलं. कोपऱ्यात रीतसर लिहिलं: मौजे आकाश, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. चतुःसीमा: चारी बाजूंस आकाश. नकाशाला उत्तर दिशेचा बाण लागतोच; अंतराळात उत्तर कुठली ते सरांनाही सांगता येईना, म्हणून मी बाण अनसिंगकडे केला. शांताबाईंची एकच अट होती. "संडासाचं दार चुलीसमोर नोको बापा. माह्या क्वार्टरमंदी तसंच हाय. सहा वर्षं झाले, भाकर थापाची अन् समोर तेच पाहाचं." ते क्वार्टर आमच्याच ऑफिसने बांधलेलं होतं. मी यानातला संडास पार शेपटाकडे नेला.

पण हाताची सवय काही जात नाही. संडास आला की सेप्टिक टँक आला, आणि टँक आला की व्हेंट पाईप. टाकीतला वास वर सोडणारा उभा नळ, वरचं तोंड उघडं. मी तो छपरातून बाहेर काढला, वर जाळीसुद्धा दाखवली.

त्या रविवारी सरांनी बोट ठेवलं. "हा नळ कुठं उघडते?"

"बाहेर."

"बाहेर काय हाय?"

"काहीच नाही."

चिंचोके टाकायची गरजच पडली नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. मला खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेलो, तर इंगोले हात बांधून बसले. "मेलेला माणूस औषध देते काय?" रौफभाई माझी डाक खिडकीतून आत टाकून तसेच पुढे जायचे. पाच महिने रंगलेला खेळ माझ्या एका नळाने बुडाला, याची मला खरोखर लाज वाटत होती.

शेवटी सरांचे पाय धरले. ते म्हणाले, "नियम तं मोडता येत नाई. पण तुमचा नकाशा मंजूर कुठं होता? बिनमंजुरीचं यान उडालंच नाई, असं धरता येते. सुधारून आणा. साहेबाच्या सहीनं. रविवारच्या आत."

आमच्या ऑफिसचे साहेब पुण्याहून नवीन आलेले, कडक. माझी परमनंटची फाईल त्यांच्याच टेबलावर पडून होती. आणि यान मी काढलं होतं सरकारी ट्रेसिंग क्लॉथच्या उरलेल्या तुकड्यावर. तरी नळ खोडला आणि शनिवारी सकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात यान मधोमध घातलं. अर्ध्या दिवसाच्या घाईत साहेब गठ्ठा न बघता सही करायचे. नेमके त्या दिवशी थांबले.

"वानखडे, हे काय?"

"यान, साहेब."

"कुठल्या योजनेतलं?"

"खेळातलं."

माझ्या डोळ्यांपुढे दारात उभी असलेली माय आली. साहेबांनी लाल पेन्सिल उचलली. "व्हेंट पाईप कुठाय?"

"काढला, साहेब."

"काढला? टाइप प्लॅनला तो लागतोच."

"साहेब, त्याने तीन माणसं मेली."

साहेब खुर्चीतून उठले. "कोण?"

"कंपाउंडर इंगोले, पोस्टमन रौफभाई आणि शांताबाई सिस्टर."

तेवढ्यात सही झाली का ते बघायला शांताबाईच दारात आल्या. मी म्हणालो, "या त्यातल्याच एक."

साहेब खाली बसले, पाणी प्यायले. मी एका दमात सगळा खेळ सांगून टाकला. त्यांनी नकाशा जवळ ओढला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग संडासावर पेन्सिल ठेवून म्हणाले, "हा इतका लांब कशाला? पाईप वाया जातो."

शांताबाई पुढे झाल्या. "साहेब, तुमी कदी आमच्या क्वार्टरमंदी जेवले काय?"

"नाही."

"मंग या एक दिवस भाकर खाले. चुलीसमोरच पाट टाकतो तुमच्यासाठी."

साहेबांनी क्वार्टरचा टाइप प्लॅन काढून यानाशेजारी ठेवला. दोन्ही बघितले. पुन्हा बघितले. मग यानावर लाल अक्षरांत लिहिलं, "अंतराळापुरते मंजूर. जमिनीवर लागू नाही." आणि खाली सही केली.

रविवारी तिघे जिवंत झाले. इंगोल्यांनी पहिलं काम म्हणजे मला खोकल्याचं औषध दिलं. खोकला कधीच बरा झाला होता, तरी मी ते प्यालो. महिनाभराने रौफभाईंनी परमनंटची ऑर्डर माझ्या हातात दिली आणि चहा घेतल्याशिवाय हलले नाहीत. सोबत क्वार्टरही मिळालं.

माय अनसिंगहून आली. चूल मांडली, परात घेतली, पहिली भाकर थापायला बसली आणि समोर बघून तिचा हात थांबला.

"काहून रे बाबू, कोण्या गाढवानं काढलं हे घर?"

त्या टाइप प्लॅनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ट्रेसरचं नाव असतं. ते माझं होतं.

"पुण्याचा साहेब होता, माय," मी म्हणालो.

तेव्हापासून कुठलाही नकाशा पुरा झाला की मी मनातल्या मनात त्यात एकदा भाकर थापायला बसतो. जमिनीवरचा असेल तर व्हेंट पाईप ठेवतो.