मोटारीला पाजलेली पेज

माझा साडू अनंतराव याने मुंबईत एक जुनी मोटार घेतली आणि रत्नागिरीत माझे पोट दुखू लागले.

मी थोरला जावई. देवरूखला सासुरवाडीत कार्य निघाले की दाराशी पहिले स्वागत माझे, पाय धुवायला पहिले पाणी मला. (थोरलेपणाखेरीज माझ्याकडे दाखवण्यासारखे काही नव्हते.) आता मेहुण्याच्या मुंजीला अनंतराव मोटारीतून उतरणार म्हणजे माझ्याकडे बघतो कोण? तो वाटेत आमच्याकडे मुक्कामाला आला आणि मलाही मोटारीत बस म्हणाला. मी ताठ्यात म्हटले, मला माझी बैलगाडी पुरे. बायको म्हणाली, "मला नाही पुरत," आणि तिने मोटारीतली जागा पक्की केली.

गडी तापाने पडलेला. म्हणून डोक्याला मुंडासे बांधून आदल्या संध्याकाळी मीच गाडी हाकत निघालो. दुसऱ्या दिवशी, देवरूख कोसभर राहिले असताना, मोटार भोंगा वाजवत माझ्या शेजारून गेली. बायकोने चक्क हात हलवला! मी तांबड्या धुळीत न्हालो आणि आतून जळत राहिलो.

पण पुढच्या चढावर मोटार रस्त्यात उभी, आणि तिच्या नाकाडातून वाफ. मला इतका आनंद झाला की बैलांनासुद्धा तो कळला असावा. निघण्यापूर्वी अनंतरावाने भोंग्याचे पितळ घासूनपुसून लखलखीत केले होते; रेडिएटरमध्ये पाणी आहे का, ते मात्र बघितले नव्हते.

"अप्पासाहेब, थोडं पाणी असेल का हो?" त्याने विचारले.

वैशाखात सड्याच्या उघड्या कातळावर पाणी कुठले? पण माझ्या गाडीत पेजेची कासंडी होती. उन्हाने माणूस तापला की आम्ही त्याला मीठ घालून पेजेची निवळ पाजतो; बैल तापला तरी तेच. मी जाणत्याच्या थाटात म्हटले, "पाण्यानं वरवरचं भागतं, अनंतराव. आतली उष्णता निवळीनंच जाते."

मुंबईच्या माणसाला ते पटले, यात माझा काय दोष? इंजिन जरा निवू देऊन मी झाकण काढले आणि कासंडी रिकामी केली. गाडीच्या हिसक्यांनी तळची शितेही वर आली होती. तीही गेली.

मोटार चढ चढली, थोडी पुढे गेली आणि मग शिजू लागली. झाकण उडाले, मऊ भात फसफसून बाहेर आला आणि अनंतरावाच्या नव्या कोटावर पसरला. भाताचा वास मात्र फर्मास सुटला होता.

शेवटी माझ्याच बैलांनी मोटार ओढायची ठरली. मी हरखलो. माझी गाडी पुढे, मोटार दोरखंडाने मागे! असा थोरला जावई देवरूखने पाहिला नसेल, असे मनात म्हणत मी धुळीने माखलेल्या अंगाने बैलांपुढे चालत राहिलो. मोटारीला वळवायला चाकाशी अनंतराव, मागच्या बैठकीवर आमच्या दोघांच्या बायका.

मोटार आली म्हणून मांडव रिकामा करून सगळे दाराशी धावले. अनंतरावाला हार पडला, सासूबाईंनी त्याच्या पायांवर पाणी घातले, आणि बायकांच्या घोळक्याने माझ्या बायकोला आत नेले. मी मुंडासे सोडून पुढे होणार तेवढ्यात सासऱ्यांचे थोरले बंधू, डोळ्यांनी अधू, काठी टेकत माझ्याजवळ आले.

"चांगली आणलीस हो गाडी," ते म्हणाले. "बैल मागीलदारी बांध आणि पडवीत बस. पेज देतो तुला."

भूक लागली होती. मी बसलो.